तुझ्या नावानं न्हाले

लोणावळा,
१८ नोव्हेंबर २०२५

सविताताई,

माझं सगळं बदललं ते कधी, असं कुणी विचारलं तर मी वेळ सांगणार नाही, जागा सांगेन. आमच्या पार्लरमधलं खिडकीजवळचं बेसिन. तुझ्या नणंदेच्या लग्नाआधी तू सगळ्या बायकांना घेऊन आलीस आणि तुमच्या शेजारच्या घरातली रेणुका त्या खुर्चीत बसली. तिनं मान मागं टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हळू हां, गुंता आहे." एवढंच. त्याच्या आधीचा संदेश वेगळा होता, नंतरचा वेगळा आहे, आणि आत्ता पत्र लिहितोय तो कोण, हे मलाच कळत नाही.

हसू नकोस. दिवसभर मी हेच काम करतो. पुण्या-मुंबईच्या बायका येतात, डोकी धुऊन जातात, एकीचाही चेहरा मला आठवत नाही. तिच्या वेळी नळाची धार चुकली आणि पाणी तिच्या कानात गेलं. ती हसली. माझ्याकडे बघून हसली की मला हसली, ह्यावर मी तेव्हापासून विचार करतोय.

पत्र का, तर फोन भुशी धरणाच्या पाण्यात आहे. कसा गेला ते विचारू नकोस. बाबांशी बोलत होतो. ते म्हणाले, बी. फार्म. सोडून बायकांची डोकी धुतोस, गावात तोंड कुठं दाखवू. पुढचं मला नीट आठवत नाही. पार्लरच्या मॅडमच्या फोनवरून तुला लावला असता, पण तुझी सासू सगळे फोन स्पीकरवर ऐकते. तुमच्याकडचा नथूभाऊ तांदळाचा टेम्पो घेऊन इकडच्या हॉटेलांना येतोच, त्याच्याच हाती देतो.

आता कामाचं. रेणुकानं त्या दिवशी मला विचारलं होतं की भातगिरणीत वजनकाट्यावर बसते, भाताचा हंगाम आला की केसांत धूळ आणि फोलपटं बसतात, डोकं खाजतं, विंचरलं की फणीत केस येतात, काय करू. आणि मी गाढवासारखं म्हणालो, पाणी बदला. कामशेतचं पाणी ती कशी बदलणार?

तर तिला सांग. गिरणीत जाताना डोक्याला सुती कापड बांधायचं. न्हायच्या आधी कोरड्या केसांतली धूळ झटकून गुंता काढायचा, पण मुळाकडून ओढत यायचं नाही, टोकाकडून थोडं थोडं सोडवत वर जायचं. तेल लावायचं तर न्हायच्या आधी तासभर लावायचं, थापायचं नाही. पाणी कोमट घ्यायचं. सोबत दोन बाटल्या पाठवतोय, त्यांवर मी नावं लिहिली आहेत. आधी शॅम्पू, नंतर कंडिशनर. नखानं खरवडायचं नाही, बोटांच्या पेरांनी चोळायचं. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवायचं.

ती माझ्याबद्दल काही बोलते का? विचारू नकोस. म्हणजे विचार, पण मी विचारायला सांगितलं असं वाटू देऊ नकोस. नाहीतर राहू दे. नको, विचारच.

तुझा,
संदेश

*

कामशेत,
२२ नोव्हेंबर

संद्या,

फोन गेला न्हाई, तू फेकला. तुजं बाबा, आमचं चुलते, हितं येऊन समदं सांगून गेलं. म्हणलं, हप्ते फिटायच्या आदी फोनला जलसमाधी दिली पोरानं. असू दे.

तुझ्या बाटल्या पोचल्या. पर तुझं अक्षर म्हंजे कोंबडीचं पाय. एका बाटलीवर शांपू लिवल्यालं कळलं. दुसरीवर मी वाचलं कोंडिशनर. मी म्हणलं वा, पोरानं नेमकं धाडलं बग. नावातच कोंडा हाय. गिरणीतला कोंडा डोस्क्यात जातो, त्याच्यावरचं औषीद. आमच्या सासूबाई बी म्हणल्या, व्हय व्हय, कोंड्याचंच आसंल, मुळात जिरवायला पायजे.

रेणुका म्हणत व्हती, ताई, हे फक्त टोकांना लावतात. मी म्हणलं, तुला जास्ती कळतं का त्याला? त्यानं शिक्षान घेतलंय त्यातलं, अर्धं का आसंना. मग सासूबाईनी तिला ओट्यावर बसिवली आन् अर्धी बाटली तिच्या डोस्क्यात मुळापातूर चोळली. वर फडकं बांधलं, सांजच्याला सोडलं. पाण्याचा तांब्या फिरिवला वरनं. केस आसं झालं की तुपात बुडवून काडल्यागत.

तशीच ती सकाळी गिरणीत गेली. कोंडा उडत व्हता, तो समदा चिटाकला. गिरणीवाल्याचा भाचा हाय अमृत, तो म्हणला, रेणुका, आज डोक्याला थालीपीठ लावून आलीस व्हय? समदी हासली. ती घरी येऊन आमच्या ओट्यावर बसली आन् म्हणली, ताई, तुमच्या भावानं माझ्याशी कसलं वैर धरलंय?

आता तूच सांग म्या काय करू. आमी तर तू धाडलं तेच लावलं.

तुज्याबद्दल काय बोलती इचारलंस. हेच बोलती.

ताई

*

लोणावळा,
२४ नोव्हेंबर

ताई,

कंडिशनर. क वर अनुस्वार. कोंड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुझ्या सासूबाईंना सांग, भामाबाई, तुमच्या पाया पडतो, पण पुन्हा तिच्या डोक्याला हात लावू नका.

नीट वाच आणि ह्या वेळी स्वतःचं डोकं चालवू नकोस. शॅम्पू मुळांना, कारण घाण तिथं असते. कंडिशनर फक्त लांबीला, कानाच्या खाली, कारण केसांची टोकं कोरडी पडतात. मुळांना तेल सुटतंच, तिथं कंडिशनर घातलं की चिकटच होणार. थोडा वेळ ठेवायचं आणि हाताला बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत धुवायचं. सांजपर्यंत फडकं बांधायला ते गळू आहे का?

आणि कोंडे दोन आहेत. गिरणीतला कोंडा कोरडा असतो, झटकला की पडतो. डोक्यातला कोंडा कातडीचाच असतो, पांढरा, चिकट, घासून जात नाही. तिला कुठला आहे ते बघा. आधी मला वाटलं गिरणीतलाच, पण खाज आहे म्हणते तर दोन्ही असतील. मेडिकलमधून कोंड्याचा शॅम्पू आणा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. नाही थांबलं तर कातडीच्या डॉक्टरकडे. लाज कसली त्यात? आता साचलेलं काढायला साध्या शॅम्पूनं दोनदा धुवा.

आणि हा अमृत कोण? थालीपीठ म्हणायचा त्याला काय अधिकार? ती हसली का? "समदी हासली" म्हणतेस, त्या समद्यांत ती होती का? असेल तर कशी हसली, तोंडावर हात ठेवून की नुसतीच? नथूभाऊ म्हणाला, हल्ली अमृत तिला गाडीवरून घरी सोडतो. मग म्हणाला, एकदाच सोडलं. मग म्हणाला, मी बघितलं नाही, ऐकलंय. त्या माणसाला मी टेम्पोतून ओढणार होतो, पण मग पत्र कोण नेणार?

मी उद्या येतो आणि अमृतची कॉलर धरतो. नाही, उद्या नको, तिला आवडणार नाही. की आवडेल? काही पोरींना आवडतं म्हणतात. तूच सांग. लगेच सांग.

संदेश

*

कामशेत,
३ डिसेंबर

संद्या,

उद्या मार्गशीर्षातला गुरवार, घर सारवायचं, मांडणी करायची, मला येळ न्हाई. नथूभाऊ दारात हारन मारतोय.

काल मंगळवार, रेणुका तू सांगितल्यापरमानं न्हाली. म्या भित्तीवरनं वाचून दावलं, क वर अनुस्वार देऊन. तिनं पानी कोमट व्हावं म्हणून पातेलं उन्हात ठिवलं, तुझं समदं केलं. केस वाळवाय गच्चीवर आली आन् तिथनं वरडून म्हणली, "ताई, त्याला लिहा, त्याच्या नावानं न्हाले एकदाची. सगळा गुंता सुटला."

तिचं बोलणं जसंच्या तसं लिवलंय, एक अक्षर हिकडचं तिकडं न्हाई, न्हाईतर तू परत वरडशील. अमृतचं मागनं लिवते.

ताई

*

लोणावळा,
५ डिसेंबर

ताई,

पत्र मी चहाच्या टपरीवर उघडलं. वाचलं, पुन्हा वाचलं, मग टपरीवाल्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, दादा, सोड आता.

म्हणजे मलाच तसं वाटतंय असं नाही. नावानं न्हाणं म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मुंबईचा चुलतआजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा आपण सगळे घरातच त्याच्या नावानं डोक्यावरून न्हालो होतो, तुला आठवत असेल. पाणी ओतलं, संबंध मिटला. बाबांनीही मला हेच ऐकवलं होतं की तुझ्या नावानं आंघोळ केली समज. आता तीही न्हाली. आणि वर "एकदाची". आणि वर "सगळा गुंता सुटला". म्हणजे मी गुंता. ज्या पोरीला गुंता कसा सोडवायचा हे मी कागदावर लिहून दिलं, तिनं आधी मलाच सोडवलं.

तिला जे म्हणायचंय ते म्हणू दे. पण तू ते जसंच्या तसं लिहितेस, भावाला? आणि खाली लिहितेस, अमृतचं मागनं लिहिते. मागनं काय लिहिणार आहेस, तारीख?

मी काल भुशीला जाऊन डोकं पाण्यात घातलं. तिच्या नावानं. म्हटलं, फिट्टंफाट. आता सर्दी झालीय, शिंकताना एका गिऱ्हाईक बाईच्या डोळ्यांत फेस गेला आणि शहनाज मॅडमनी मला मागं टॉवेल घड्या घालायला बसवलंय. मॅडम म्हणतात, मुलीनं नक्की काय म्हटलं ते आधी विचार. विचारायचं काय त्यात?

मला एकच कळत नाही. एखादी मुलगी असं तोडताना आधी दोनदा केस धुईल का, सांगितलं तसं कोमट करायला पाणी उन्हात ठेवील का? पण मग असं का म्हणाली? डोकं दुखतंय.

सोबत घडी घातलेली चिठ्ठी आहे. ती रेणुकाला दे. उघडू नकोस. उघडलीस तरी दे.

संदेश

*

कामशेत,
१२ डिसेंबर

संद्या,

आईबापानं नाव ठिवलं संदेश आन् तुला एक निरोप धड कळंना.

चिट्टी म्या उघडली न्हाई, तशीच दिली. आता वाटतंय उघडून चुलीत घालाय पायजे व्हती. ओट्यावर उभ्याउभ्या वाचली तिनं. घडी घातली, डब्याच्या पिशवीत ठिवली आन् गिरणीत गेली. तवापासनं आमच्या ओट्यावर येत न्हाई. मी भित्तीवरनं हाक मारली तर म्हणती, ताई, काम हाय.

"त्याच्या नावानं न्हाले" म्हंजे तिला काय म्हणायचं व्हतं, हे मला बी ठावं न्हाई. लिवताना माज्या डोस्क्यात काय आलं न्हाई. मला वाटलं तू सांगितलं तसं न्हाली, म्हणून तसं म्हणली आसंल. तुजं पत्र आलं तवा सासूबाईला इचारलं. त्या म्हणल्या, आसं तर मेल्यावर म्हणत्यात बाई. तवा माजं बी काळीज हाललं. पर तसं बोलायचं आसतं तर गच्चीवरनं हासत कशाला बोलली आसती? ती हासत व्हती, हे लिवायचं ऱ्हायलं बग. हारन वाजत व्हता.

आता समदंच सांगते. अमृतच्या घरनं रेणुकाला मागणं आलंय. दिवाळीपासनं बोलणं चाललंय. तुला लिवलं न्हाई कारण तू कॉलर धरत सुटला आसतास. ती दर येळी म्हणायची, मार्गशीर्ष सरू द्या, मग बगू. आता मार्गशीर्ष सरतोय. एकवीस तारखेला, रयवारी दुपारनंतर ती मानसं उत्तर घ्यायला येणार हायती.

आजून एक. ती मला लय येळा इचारायची, तुमचा भाऊ परत कॉलेजला जाणार हाय का. मी दर येळी म्हणायचे, जाईल की, का न्हाई जाणार. तुला हे कधी लिवलं न्हाई, कारण कॉलेज शब्द आला की तू पत्र फाडतोस.

काल तिची आई आमच्यात हळदीकुंकवाला आली व्हती. म्हणली, पोरीनं हाय खाल्लीय, म्हणती तुमाला वाटंल तसं करा. एवडं तुज्या चिट्टीनं झालं.

मी काय सांगू तुला, ये म्हणू का येऊ नगंस म्हणू? आलास तर राडा करशील. न्हाई आलास तर मला जनमभर बोलशील.

ताई

*

कामशेत,
१७ डिसेंबर

संदेश,

तुझी चिठ्ठी तुलाच परत वाचून दाखवते, म्हणजे काय लिहिलं होतंस ते लक्षात येईल. "माझ्या नावानं न्हालीस ना, बरं केलंस. मीही तुझ्या नावानं न्हालो. आता अमृतचं डोकं धू."

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, तूही माझं नाव घेऊन न्हालास आणि ते सांगतोयस. खरंच तसं वाटलं, क्षणभर मी खूश झाले. मग शेवटचं वाक्य वाचलं. गिरणीत गेले, काट्यावर बसले, पोत्यांची वजनं चुकवत राहिले. दुपारी कुणीतरी लांबच्या भावकीतल्या मयताचं बोलत होतं, गावाला जाता आलं नाही, घरीच नावानं न्हालो म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तू काय समजलास ते.

माझी आई दर मंगळवारी एकवीरादेवीच्या नावानं न्हाते. पहिला तांब्या डोक्यावर घेताना तिचं नाव घेते. त्या मंगळवारी पहिला तांब्या मी घेतला तेव्हा माझ्या तोंडात तुझं नाव आलं. मुद्दाम नाही घेतलं, आलं. केस पहिल्यांदाच मोकळे झाले होते, ऊन होतं, मी गच्चीवरून ओरडून बोलून गेले. असलं ओरडून सांगायचं नसतं हे आता कळलं. तुझ्यामाझ्यामध्ये एक भिंत, एक ताई, एक टेम्पो आणि एक हॉर्न आहे, हे मी विसरले.

कंडिशनर मुळांना लावत नाहीत हे मला माहीत होतं. तरी लावून घेतलं, कारण ताई म्हणाल्या की तू सांगितलंयस. वेडेपणाच. दुसऱ्या दिवशी अमृत थालीपीठ म्हणाला त्यावर मीही हसले होते. नुसतीच हसले, तोंडावर हात ठेवून नाही. ताईंनी तुझा तो प्रश्न मला भिंतीवरून मोठ्यानं वाचून दाखवला होता.

अमृत वाईट नाही. माझं डोकं बघून हसला, पण दुसऱ्या दिवसापासून पंख्याचं तोंड त्यानंच फिरवून दिलं, कोंडा माझ्याकडे उडू नये म्हणून. वाईट असता तर सोपं होतं.

त्याला नाही म्हणायला मला तू लागत नाहीस. ते मी माझ्या तोंडानं म्हणू शकते, आईला म्हटलेलं परत घेऊ शकते. पण घरात तुझं नाव काढायचं की नाही, तिथं माझी गाडी अडते. मला दोन संदेश माहीत आहेत. एकानं बेसिनवर माझ्या कानात पाणी गेलं तेव्हा नळ बंद करून कान पुसून दिला, वर चारदा सॉरी म्हटलं. दुसऱ्यानं ही चिठ्ठी लिहिली. मी कुणाचं नाव काढू?

रविवारी ती माणसं दुपारनंतर येतील. त्याच्या आधी आलास तर ये. ताईंकडे नको, आमच्याच दारात. माझ्याशी बोलू नकोस, आईशी बोल. आई म्हणेल, तू बायकांची डोकी धुतोस. असंच म्हणेल, ह्याच शब्दांत. कॉलेज का सोडलंस तेही विचारेल आणि परत जाणार का, तेही. ताई दोन महिने मला सांगताहेत, जाणार. मला ते पटत नाही आणि आईलाही पटणार नाही. खोटं सांगू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. आणि आवाज चढवलास तर मी आत असेन, बाहेर येणार नाही.

ह्या पत्राला उत्तर लिहू नकोस. मला आता पत्रांची भीती वाटते.

रेणुका

ता. क. खाज कमी आहे. फणीत केस येतात, पण पूर्वीइतके नाहीत.

*

लोणावळा,
२१ डिसेंबर, रविवार

ताई,

तिनं उत्तर लिहू नकोस म्हटलंय म्हणून तुला लिहितोय. हे नथूभाऊ नेहमीप्रमाणे आणेल. तोवर मी तुमच्या शेजारच्या घरात बसलेला असेन नाहीतर रस्त्यावर आलेला असेन. आत शिरायच्या आधी माझ्या मनात काय होतं ते कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच. तिथं गेल्यावर तोंडातून काय निघेल ह्याचा माझा मलाच भरवसा नाही.

तिचं पत्र आल्यापासून मी झोपलेलो नाही. आधी नाचलो. मग स्वतःला शिव्या घातल्या. मग तुला घातल्या, माफ कर. मग नथूभाऊच्या हॉर्नला. मग कळेना की हे पत्र होकाराचं आहे की नकाराचं. पहिल्या पानावर होकार वाटतो, दुसऱ्या पानावर नकार. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, बेटा, हा पेपर आहे, निकाल नाही.

मी पेपर अर्ध्यात सोडणाराच माणूस आहे, ताई. कॉलेजात सर प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर बोलले, मी ॲप्रन तिथंच टाकून निघून आलो, आणि घरी सांगितलं की शिक्षणात राम नाही. राम होता. मला रसायनांचं आवडायचं. केसाचं आवरण कशानं उघडतं, कशानं मिटतं, हे मी गिऱ्हाइकांना न विचारता सांगत बसतो, त्या कंटाळतात. मग परत जाणार का? जाईन म्हटलं तर ते तिला मिळवण्यासाठी म्हटलेलं होईल. नाही जाणार म्हटलं तर ते बाबांवरच्या रागानं. सकाळपासून आरशासमोर दोन्ही म्हणून बघितलं. दोन्ही वेळा आरशातला माणूस खोटारडा वाटला.

तेव्हा मी माहीत नाही म्हणणार आहे. हे वाक्य मी आजपर्यंत कुणासमोर म्हटलेलं नाही. कसं म्हणतात तेही नीट येत नाही. खाली बघून म्हणायचं की समोर बघून?

आज इथं तोबा गर्दी आहे, नाताळच्या सुट्टीचे लोक आलेत. मॅडमना सांगितलं, मला आत्ता जायचंय. त्या म्हणाल्या, आजच्या दिवशी गेलास तर उद्या ही खुर्ची तुझी राहणार नाही. त्या बोलल्या तसं करतात. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, जीभ वळवळली. खुर्चीत एक बाई डोक्याला फेस लावलेल्या तशाच बसल्या होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी मॅडमना म्हटलं, बरं. आणि त्या बाईंचं डोकं नीट धुतलं, कंडिशनर लावून थांबलो, पाणी घातलं, केस टिपले, मग ॲप्रन काढून खुंटीला लावला. मॅडमनी पुढच्या बाईंना खुर्चीत बसवलं. रागावल्यात की नाही हे मला ओळखता येत नाही. हल्ली मला कुणाचंच काही ओळखता येत नाही.

काउंटरवर उभा राहून लिहितोय. हात ओले आहेत, शाई पसरली असेल, तर ह्या वेळी जे वाचता येणार नाही ते मनानं भरू नकोस, सोडून दे.

अमृतला भेटलीस तर सांग, पंख्याचं तोंड फिरवलंस ते चांगलं केलंस. नको, तू सांगू नकोस. तूही नको आणि नथूभाऊही नको. कधीतरी मीच सांगेन.

तिच्या आईचं ते एक वाक्य सोडलं तर बाकी कशाची मला भीती वाटत नाही. बाबा म्हणाले तेव्हा फोन गेला. वाटेत मी ते स्वतःला ऐकवत जाणार आहे, पुन्हा पुन्हा, सवय व्हावी म्हणून. त्या म्हणतील, तू बायकांची डोकी धुतोस. मी म्हणणार, हो, धुतो. तुमच्या मुलीचंही धुतलंय. एवढं म्हणून गप्प बसता आलं तर बसणार. पुढं त्या काय म्हणतील, रेणुका बाहेर येईल की नाही, मला खरंच माहीत नाही. हे वाक्य आत्ता दुसऱ्यांदा लिहिलं, आता थोडं जमतंय.

पुण्याकडची लोकल यायची वेळ झालीय. मॅडम बघताहेत. पत्र इथं काउंटरवरच्या बरणीखाली ठेवतो, नथूभाऊ उचलेल. बाहेर पडतो आणि मागं दार लावून घेतो.

संदेश